शेपटीच्या सहा बाटल्या

३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,

तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. जिच्याशी तेरा महिन्यांत एक शब्दही बोलणे झालेले नाही, तिच्या दारात असे अचानक पाकीट येऊन पडणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला समजते. नेहमीच्या सवयीने ‘साष्टांग नमस्कार’ लिहायला घेतला आणि हात थांबला. तो या पत्राच्या शेवटी करता येतो का, ते पाहू.

तू म्हणशील, “ए शब्दकोशा, मुद्द्यावर ये.” येते.

प्रयोगशाळेत डागडुजी निघाली आहे. क्लीन रूमच्या छतातली हवा गाळणारी यंत्रणा बदलायची असल्यामुळे सगळी कपाटे रिकामी करण्याचे काम माझ्याकडे आले. तुझे कपाट मी शेवटपर्यंत टाळले. काल त्याचा सर्वांत खालचा कप्पा उघडला, तेव्हा दोन गोष्टी हाती लागल्या. एक चेनची प्लास्टिक पिशवी, आणि तिच्यात तुझे तांब्याचे कडे. त्यामागे एका ट्रेमध्ये ओळीने उभ्या सहा छोट्या बाटल्या, झाकणांना पट्टी गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर माझे अक्षर होते: ‘बाटली ३७, शेपटी १’, आणि असेच सहापर्यंत.

शेपटी हा शब्द तुझा. मी पहिल्याच दिवशी वहीत ‘वस्तुमान वर्णपटमापक’ असे लिहिले, तेव्हा तू म्हणालीस, “एवढं म्हणेपर्यंत मशीन बंद पडेल बाई. आपण मशीनच म्हणू.” मग नळीपाशी उभी करून तू जे सांगितलेस, ते मला आजही पाठ आहे.

“हे बघ. खडकाची पूड ॲसिडमध्ये विरघळवली, रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीत ओतली. वरून ॲसिड सोडत राहायचं. आधी फालतू मंडळी बाहेर पडतात, मग तांबं. तांब्यातही दोन भाऊ आहेत, एक जाड्या आणि एक हलका. इथं उलटा कारभार. जाड्या आधी उतरतो, हलका मागे रेंगाळतो. शेवटचे थेंब सुटले तर हलक्याचा वाटा गेला, तुझ्या हाती जाड्याच जास्त उरला, आणि आकडा चढला. म्हणून चोवीस मिलिलिटरनंतरचं ॲसिडही वेगळ्या बाटलीत धरायचं. ही शेपटी. हिच्यात तांबं नाही ना, ते तपासायचं. आणि निकाल लागेपर्यंत टाकायची नाही. रेझिनचा नवा डबा फोडलास तर दोनदा तपासायची, प्रत्येक डबा तांबं सारखंच सोडतो असं नाही.”

मी म्हणाले, “म्हणजे अपूर्ण प्राप्तीमुळे समस्थानिकांचे विभाजन होऊ नये यासाठी.”

“तेच ते. पण थेंबांना तुझी भाषा कळत नाही.”

मी त्या बाटल्या तपासल्या आहेत. शेपटीत तांबे आहे. त्याविषयी पुढच्या पानावर लिहीन. आज थकवा आहे.

७ नोव्हेंबर

हे पान निराळ्या दिवशी लिहिते आहे. पत्र पाठवलेले नाही. पूर्ण झाल्याशिवाय पाठवणार नाही.

आपल्या वाट्याला आलेल्या बाटली ३७ मधल्या पुडीचा आणखी एक कागद आला आहे. एकच खडक दळायचा, घुसळायचा, शेकडो बाटल्यांत भरायचा, आणि त्याच पुडीतले तांबे चौदा प्रयोगशाळांनी मोजायचे. सगळ्यांचे जुळले की तो आकडा पुढे साऱ्यांच्या तराजूचे माप होतो. यावर तू म्हणायचीस, “वजनाचं वजन करतोय आपण. हात थरथरला तर दुनियेची भाजी कमी तोलली जाईल.” हे माप ठरवणाऱ्या समितीने आता त्याचा अंतिम मसुदा पाठवला आहे. त्यात तेरा प्रयोगशाळांचे आकडे आहेत. आपला नाही. आपल्या जागी तळटीप आहे, ती जशीच्या तशी उतरवते: ‘एका प्रयोगशाळेचे निकाल तंत्रज्ञाच्या धातूच्या दागिन्यामुळे झालेल्या दूषणाच्या कारणाने वगळले.’

दुरुस्त्या कळवण्याची मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे. त्यानंतर हे छापले जाईल. जो कोणी ती पुडीची बाटली विकत घेईल, त्याला सोबतच्या कागदावर ही ओळ मिळेल. पंचवीस वर्षे, तीस वर्षे; पूड संपेपर्यंत. तुझे नाव त्यात नाही, पण या कामात आपण सगळे मिळून आहोत तरी किती? कोणती प्रयोगशाळा आणि कोण तंत्रज्ञ, हे सर्वांना ठाऊक आहे.

अकरा सप्टेंबरची ती बैठक तुझ्याही लक्षात असेल. आपला आकडा इतरांपेक्षा हजारी शून्य पूर्णांक सोळाने चढा आला होता. सर दमलेले होते. त्या मशीनसाठी त्यांनी बारा वर्षे अर्ज केले, आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत आपण नापास झालो होतो.

“बाहेरचं तांबं आत आलंय,” ते म्हणाले. “क्लीन रूममध्ये तांबं कोण घालतं?”

तू बाही वर केलीस. “मी घालते सर. मनगट दुखतं म्हणून. पण दोन हातमोज्यांच्या आत असतं, वरून टेप लावलेली असते.”

“आत असो, बाहेर असो. तांबं ते तांबंच.”

तू कडे काढून टेबलावर ठेवलेस. तेव्हा सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी ते पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. पिशवीवर अजून ती आहे: ‘दूषणाचा संभाव्य स्रोत.’ अक्षर वळणदार आहे. शाळेत सुंदर अक्षराचे बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचे.

त्यानंतर तू मला काही विचारलेस. मी काय उत्तर दिले ते नेमके आठवत नाही.

आई बरी आहे. तुझा तिला रविवारी फोन येतो, तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालते. ते तिने तुला सांगितले असेलच.

१३ नोव्हेंबर

ताई, सात तारखेला मी जे लिहिले त्यात एक वाक्य खोटे आहे. ते खोडणार नाही. वहीत खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक आडवी रेघ ओढायची आणि शेजारी खरे लिहायचे, हेही तूच शिकवलेस.

काल मी शेपटीच्या बाटल्या घेऊन मशीनवाल्या काकांकडे गेले. मशीनच्या खोलीत दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाहीत ते. त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आपली लांबट नोंदवही उघडली.

“ही तर झालीये की आपली.”

“हो,” मी म्हणाले.

“मागच्या वर्षी, चौदा सप्टेंबर. शेपटी एक, दोन, तीन. सोबत कडं पुसलेला कापूस. तूच आणलं होतंस.” त्यांनी बोटाने ओळ दाखवली. “पुन्हा कशाला? तांबं काय बाटलीत वितळून जाणार आहे?”

मी म्हणाले, “खात्री करून घ्यायची होती.”

“कशाची?”

मी बाटल्या पुढे सरकवल्या. त्यांनी तिन्ही उरलेल्या बाटल्या मशीनला लावल्या आणि चहाला गेले. जाताना एवढेच म्हणाले, “मी मशीन चालवतो. कोणाचा आकडा कुठं जातो ते विचारत नाही. पण तुझी ताई गेली तेव्हा वाटलं होतं, तू विचारशील.”

म्हणून आता शेजारी खरे लिहिते.

त्या बैठकीत तू मला विचारलेस, “शब्दकोशा, शेपटी तपासलीस ना? नवा डबा होता.” आणि मी म्हणाले, “हो, तपासली. काही नव्हतं.”

मी तपासली नव्हती. रेझिनचा नवा डबा मीच फोडला होता. त्या आठवड्यात सहा नळ्या लागोपाठ लावल्या होत्या. बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, आणि तपासणीला आणखी एक दिवस जाईल म्हणून उद्यावर टाकली. एवढीच चूक. अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते, आणि तू त्यावर फार तर म्हणाली असतीस, “गाढवा, जा आता तपास.” पण सगळे माझ्याकडे पाहत होते. ज्या मुलीचा कधी एकही गुण कापला गेला नाही, तिला ‘नाही’ म्हणता आले नाही.

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलेस. मग म्हणालीस, “मग माझंच असेल.”

ताई, तू वाद घातला नाहीस, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आता नाही वाटत. तुझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, तुझे कडे आणि माझा शब्द. तू माझा शब्द खरा धरलास.

तीन दिवसांनी मी गुपचूप तपासले. शंभरातले चार भाग तांबे शेपटीत सुटले होते, आणि ते भलतेच हलके होते. ते मिळवून हिशेब मांडला तर आपला आकडा बरोबर इतर तेरांच्या रांगेत येऊन बसतो. कड्यावरून कापूस फिरवून तेही मोजले. तुझ्या कड्यातले तांबे खडकातल्या तांब्यापेक्षा हलके आहे. ते नमुन्यात पडले असते, तर आकडा खाली आला असता. आपला चढला होता.

हे सर्व मला चौदा सप्टेंबरला दुपारी सव्वातीन वाजता माहीत होते. तू एकोणतीस सप्टेंबरला राजीनामा दिलास. मधले पंधरा दिवस आपण दोघी एकाच टेबलावर डबा खात होतो.

१६ नोव्हेंबर

का, ते लिहायला तीन दिवस लागले. ते कारण आहे, सबब नव्हे.

माझ्या प्रबंधातले एक्केचाळीस नमुने त्याच डब्यातल्या रेझिनवर केलेले आहेत. सगळे चोवीस मिलिलिटरला थांबवलेले. त्यांच्या शेपट्या मी ठेवल्याही नव्हत्या. त्या टाकाऊ ॲसिडच्या पिंपात गेल्या. बाटली ३७ ची चूक मान्य केली, तर ते एक्केचाळीस आकडेही चढे आहेत हे मान्य करावे लागते. दोन वर्षांचे काम. मी स्वतःला समजावले की प्रबंध संपला की सांगेन. मग वाटले, तोंडी परीक्षा झाली की सांगेन. ती आता पुढच्या महिन्यात आहे.

आणखी एक. पहिल्या पानावर ‘तेरा महिन्यांत बोलणे झालेले नाही’ असे मी मोघम लिहिले. वाचणाऱ्याला वाटावे की तू रागावलीस. तू रागावली नव्हतीस. तू अकरा वेळा फोन केलास. मी उचलला नाही. तुला वाटले असेल, हिच्या कामाला माझ्यामुळे बट्टा लागला म्हणून ही बोलत नाही. मी तसे वाटू दिले. तुझा शेवटचा निरोप मी पुसलेला नाही: ‘माझ्यामुळे तुझ्या प्रबंधाला काही झालं नाही ना? एवढंच सांग. मग नाही त्रास देणार.’

त्यानंतर तू खरोखर त्रास दिला नाहीस.

आई सांगते, तू आता औषधांच्या दुकानात काउंटरवर असतेस आणि बाटलीला हात लावण्याआधी दर वेळी हात धुतेस. कोरडे होऊन बोटांना भेगा पडल्या आहेत म्हणे. आई त्यावर हसली. “आधीपासूनच टापटिपीची,” म्हणाली. मी ताट घेऊन उठले.

१८ नोव्हेंबर

आज आईला सांगितले. भांडी विसळताना सांगितले, म्हणजे तिच्याकडे पाहावे लागणार नाही.

तुला एक गोष्ट ठाऊक नसेल. ते कडे आईने दिलेले होते ना, तू गेल्यापासून ती मधूनच म्हणते, “मीच दिलं ते. माझ्यामुळे पोरीचं काम गेलं.” एकदा नाही, अनेकदा. मी प्रत्येक वेळी म्हणत असे, “तसं काही नसतं, आई.” तेवढ्यावर थांबत असे.

तिने पूर्ण ऐकून घेतले. नळ बंद केला.

“म्हणजे कड्याने काही झालं नाही?”

“नाही.”

“तिच्या हातून काही झालं नाही?”

“नाही.”

“हे तुला माहीत होतं. आणि मी इथं रोज बसून स्वतःला बोल लावत होते, तेही तुला दिसत होतं.”

मी मान हलवली.

“तिला सांगितलंस?”

“लिहिते आहे.”

“लिहिते आहे,” आई म्हणाली. “तुझं लिहून कधी संपत नाही गं.” मग तिने हात पुसले, स्वतःच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. संध्याकाळचा स्वयंपाक मी केला; ती जेवली, पण बोलली नाही. आजचा रविवार असूनही तिने तुझा फोन उचलला नाही. “आधी तू,” एवढेच म्हणाली.

२० नोव्हेंबर

आज सकाळी सरांच्या खोलीत गेले. काकांची नोंदवही, माझी वही आणि त्या वेळचा ब्लँकचा कागद सोबत नेला. ब्लँक म्हणजे खडक न घालता रिकाम्या हाताने केलेली फेरी, बाहेरून काही घुसले असेल तर तीत दिसतेच. तो तेव्हाही स्वच्छ होता.

सरांनी तिन्ही नोंदी दोनदा वाचल्या.

“कधी कळलं तुला?”

“मागच्या वर्षी. चौदा सप्टेंबरला.”

“आणि प्रबंधाचे नमुने?”

“त्याच डब्यातलं रेझिन, सर. सगळे एक्केचाळीस.”

“पुन्हा करायला किती लागेल?”

“दीड वर्ष.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. वाटले, आता मला बाहेर जायला सांगतील. त्याऐवजी त्यांनी ब्लँकचा कागद हातात घेतला.

“हा माझ्या टेबलावर होता गं बैठकीत.”

“हो, सर.”

“मी उलटूनही पाहिला नाही. कडं समोर दिसत होतं ना. दिसणारी गोष्ट सोपी असते.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “समितीला तू लिही. सगळं लिही. आणि ब्लँक न बघता तिला दोषी ठरवणारा मी, हेही माझ्या नावानं लिही. तोंडी परीक्षा पुढे ढकलतोय. रद्द नाही करत. ढकलतोय. आणि तू खोटं बोललीस, त्याचं काय करायचं ते विद्यापीठाचं मंडळ ठरवेल. मी वाचवणार नाही.”

“वाचवू नका, सर.”

“बोलताना तरी जरा साधं बोलत जा,” ते वैतागून म्हणाले. “‘हो’ला ‘हो’ आणि ‘नाही’ला ‘नाही’. एवढं जमलं असतं तर पुरे होतं.”

बाहेर आले. हलके वाटेल असे पुस्तकांत वाचले होते. वाटले नाही. नुसती झोप आली, फार दिवसांची साचलेली.

२१ नोव्हेंबर

समितीला आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पत्र गेले. तळटिपीसाठी मी सुचवलेला मजकूर असा: ‘एका प्रयोगशाळेचे निकाल वगळले. विद्यार्थिनीने नळीतून उतरलेले शेवटचे तांबे तपासले नाही आणि तपासल्याचे खोटे सांगितले. प्रमुखांनी ब्लँक न पाहता दोष तंत्रज्ञावर ठेवला. तंत्रज्ञाचे काम निर्दोष होते.’ ते तसाच छापतील की चार शब्दांत गुंडाळतील, मला माहीत नाही. पण जुनी ओळ राहणार नाही, इतके त्यांच्या सचिवबाईंनी तासाभरात उलट कळवले आहे.

पाकिटात काकांच्या नोंदवहीच्या पानाची प्रत आहे आणि ब्लँकचा कागद. त्या पानावर काकांनी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘परत ये. मशीन तुझ्याशिवाय कुरकुरतं.’ मी ते पुसले नाही; पण परत यावेस असे सांगण्याचा अधिकार माझा नाही.

कडेही पाठवते आहे, त्याच पिशवीत. चिठ्ठी काढलेली नाही. ते अक्षर माझे आहे, आणि ते तुझ्याकडे असावे. त्यावर एक आडवी रेघ ओढली आहे. शेजारी खरे लिहिण्याइतकी जागा नव्हती, म्हणून मागच्या बाजूला लिहिले आहे.

आई आज सकाळी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. “मलम पण घाल त्यात,” म्हणाली. “भेगांना.” त्याची लहानशी डबी कड्याच्या आत बसली.

तू एक प्रश्न विचारला होतास आणि एवढेच सांग म्हणाली होतीस. सांगते. नाही ताई. तुझ्यामुळे माझ्या प्रबंधाला काही झाले नाही.

नमस्कार अजून राहिला आहे. तो कागदावर करवत नाही. माझा नंबर तोच आहे. वाजला तर उचलीन.

हे शेवटचे चार शब्द टपाल कार्यालयाच्या काउंटरपाशी उभी राहून लिहिते आहे. पलीकडच्या बाई म्हणत आहेत, “अहो, संपलं का? मागे रांग आहे.” संपले. पाकीट त्यांच्या हाती देते आहे: एकवीस नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.